रामटेके बाईंचा उन्हाळा

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी मस्टरवर सही करायची, तर आधी रामटेके बाईंच्या समोरून जावं लागायचं. बाई आमच्या शाळेच्या ग्रंथपाल. शाळा नागपुरात, सदर भागातल्या मागच्या गल्लीतली, अनुदानित, दोन मजली. जूनचा शेवटचा आठवडा, कूलर अजून खिडकीतून उतरलेले नाहीत, तोंडाला बांधलेले दुपट्टे सोडत सगळे मास्तर आणि मास्तरणी पेंगुळलेल्या चेहऱ्यानं स्टाफरूममध्ये शिरताहेत, आणि मस्टरच्या शेजारी खुर्ची टाकून बाई बसलेल्या. मांडीवर पुस्तकांची नोंदवही. सुट्टी लागताना प्रत्येकाला त्यांनी एकेक पुस्तक दिलेलं असायचं. घेत नाही म्हणायची सोय नव्हती.

परत घेताना बाई एकच प्रश्न विचारायच्या. "कोणत्या पानावर झोप लागली?"

वाचलं का, आवडलं का, असलं काही नाही. झोप कुठं लागली तेवढं सांगायचं. सांगितलेला आकडा त्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहायच्या, शेजारी नाव. आमच्या ग्रंथालयातलं कुठलंही पुस्तक मागून उघडा, कोण कुठं घोरलं त्याची यादी सापडते. भूगोलाचे सर बाराव्या पानापुढं कधी गेले नाहीत. हेडसर तर प्रस्तावनेतच आडवे व्हायचे. आणि कोणी छाती फुगवून सांगितलं, की बाई, मला झोप लागलीच नाही, तर बाई चष्म्यावरून त्याच्याकडं बघत राहायच्या. "सत्तेचाळीस डिग्रीत, भर दुपारी, पोटात आमरस अन् समोर कूलर. अन् तुले झोप नाही लागली? तू पुस्तक उघडलंच नाही गा."

हेच वाक्य 'गा'च्या जागी बायकांना लावतात तो 'वं' लावून मीही ऐकलं आहे. मी गणिताची, नोकरीला नवीन, आणि डोकं तापायला मला उन्हाळा लागत नाही. आपण काय पाचवीतली पोरगी आहोत, की सुट्टीचा अभ्यास दाखवायचा? म्हणून मी खुशाल सांगितलं, सगळं वाचलं, एका बैठकीत. बाईंनी काही लिहिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला तेच पुस्तक दिलं. मग मीही हट्टाला पेटले. पिशवीतून ते बाहेरसुद्धा काढलं नाही, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले, "नाही वाचलं. वाचणार पण नाही." मला वाटलं आता भांडण होणार, मी तयारीतच होते. बाई हसल्या. "यंदा खरं बोलली. जा, सही कर."

तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा तेच पुस्तक. नरखेड तालुक्यात माझं माहेर, संत्र्याची बाग आहे. एक दिवस सकाळपासून लाइट नव्हती, मोटार बंद, घरात थांबवत नव्हतं. मी बागेतल्या हौदात पाय सोडून बसले आणि या बाईनं तीन वर्षं माझ्या डोक्यावर मारलेल्या पुस्तकात असं आहे तरी काय, म्हणून रागारागानं ते उघडलं. त्रेसष्टाव्या पानावर माझा डोळा लागला आणि पुस्तक हौदात पडलं. वाळवलं तरी ते फुगून दुप्पट झालं. शाळा उघडली तेव्हा ते मी ओढणीखाली लपवून नेलं. बाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मीच गोंधळले. "पाण्यात पडलं म्हंजे हातात होतं," त्या म्हणाल्या आणि त्या सुरकुतलेल्या पानावर माझं नाव लिहिलं. त्या दिवसापासून मी त्यांची झाले. शाळेत पुष्कळ लोक होते, पण घरचं काही सांगायचं तर मी बाईंकडं जायची.

बाई ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढरी किंवा फिकट निळी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. चालायच्या भराभर, बोलायच्या अस्सल नागपुरी. "मराठीच्या मास्तरांसमोर तरी जरा शुद्ध बोला," असं हेडसर एकदा म्हणाले होते. बाई म्हणाल्या, "मले शुद्ध वाचता येते सर. बोलाले माह्यी मायची भाषा पुरते."

त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा बाईंचा जन्मही झाला नव्हता, पण घरात तो दिवस असा सांगितला जायचा, की बाई तो डोळ्यांनी पाहिल्यासारखा सांगायच्या. घरातला देवाचा कोनाडा रिकामा झाला. वडिलांनी तिथं पुस्तकं आणून ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं. पोरं शाळेत जायला लागल्यावर ते रोज एकाला समोर बसवून वाचून घ्यायचे, आणि पोरगं अडखळलं की म्हणायचे, हळू वाच, मला कुठं जायचं नाही. "माह्या बापानं एक पुस्तक वाचलं नाही," बाई सांगायच्या, "पण कोणाले पुस्तक जमिनीवर ठेवू नाही दिलं." दर दसऱ्याला बाई दीक्षाभूमीवर जायच्या आणि पुस्तकांच्या स्टॉलवरून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन यायच्या. त्यातली निम्मी घरी, निम्मी शाळेत. संस्थेनं ग्रंथालयाला नवीन पुस्तक घेऊन दिल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आता मुख्य गोष्ट. बाईंच्या निवृत्तीच्या वर्षातली. एप्रिल संपत आला होता, पेपर तपासून झाले होते, एक मेला निकाल द्यायचा आणि सुट्टी. त्या आठवड्यात संस्थेचं पत्र आलं. अध्यक्षांचा मुलगा तेव्हा नुकताच सचिव झाला होता, सगळे त्याला छोटे साहेब म्हणत. त्याला ग्रंथालयाच्या खोलीत मोठा स्क्रीन आणि एसी बसवायचा होता, शाळा बघायला येणाऱ्या पालकांना दाखवायला. पत्रात लिहिलं होतं, की सुट्टीत खोली रिकामी करण्यात येईल, कपाटांतील सर्व जुनी पुस्तके निर्लेखित करून त्यांची विल्हेवाट लावण्यात येईल. निर्लेखित म्हणजे दप्तरातून नाव खोडून रद्दीत. दोन मेला टेम्पो येणार होता.

माझा संताप झाला. मी म्हणाले, आपण सगळे सह्या करू, शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाऊ. बाई पत्र दुसऱ्यांदा वाचत होत्या, बोट ठेवून, एकेक शब्द. "काय लिहिलं आहे पाह्य वं. कपाटांतील. कपाटांतील पुस्तकं." मग त्यांनी चष्मा काढला. "अन् कपाटात नसली तं?"

आमच्याकडं एक मेला पालक निकाल घ्यायला स्वतः येतात. त्या दिवशी आमच्या शाळेत प्रत्येक मुलाला गुणपत्रिकेबरोबर पुस्तकं मिळाली. एक नाही, चार-चार, पाच-पाच. आदल्या दोन दिवसांत आम्ही सगळ्या वर्गशिक्षकांनी मिळून नोंदी केल्या होत्या. नेहमी बाराव्या पानावर झोपणाऱ्या भूगोलाच्या सरांनी एकट्यानं चार वर्गांची कार्डं लिहिली. ज्ञानकोशाचे जाड खंड कोणी नेईना, ते बाईंनी शाळेच्या ऑटोवाल्यांच्या गळ्यात मारले. मोटरसायकलवर पुढं पोरगी, मागं बायको आणि नवरा-बायकोच्या मध्ये सुतळीनं बांधलेली पुस्तकं, अशी माणसं गेटमधून बाहेर पडताना मी पाहिली. एका आजीनं विचारलं, पास झाल्याबद्दल आहे का? बाई म्हणाल्या, "नापास झालेल्यालेही आहे."

दोन मेला टेम्पो आला, त्याच्या मागून छोटे साहेब. कपाटं उघडली तर आत डांबरगोळ्या. कुलपं लावायला म्हणून हेडसर, बाई आणि मी तेवढे तिथं होतो.

"मॅडम, ये क्या तमाशा है? पुस्तकं कुठं आहेत?"

"लोक वाचून राहिले," बाई म्हणाल्या.

"कोण लोक?"

"नावं आहेत ना. सांगू का वाचून?" आणि त्यांनी खरोखर नोंदवही उघडली.

छोटे साहेब शिकलेला माणूस, आवाज चढवत नाही. हेडसरांकडं वळून त्यानं शांतपणे सांगितलं, की ही चोरी आहे आणि यांना नोटीस द्या. बाई इतका वेळ हसतमुख होत्या. चोरी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ऑटोत बसताना एवढंच म्हणाल्या, "माह्या बापाले गिरणीच्या गेटवर रोज झडती द्या लागे, विद्या. बत्तीस वर्षं. काही सापडलं नाही कधी."

नोटीस आठ दिवसांत घरी आली. शाळा उघडण्याच्या दिवशी सर्व पुस्तके हजर करावीत, अन्यथा शालेय मालमत्तेच्या अपहाराबद्दल कारवाई करण्यात येईल. म्हणजे सगळी पुस्तकं आली तर त्यांची रद्दी, आणि नाही आली तर बाई चोर. नोव्हेंबरात निवृत्त होणारी बाई, तीस वर्षं एका खोलीत काम केलेली. मला त्या उन्हाळ्यात झोप नव्हती, पुस्तक हातात घेऊनही. मी बाईंना फोन केला. म्हटलं, रद्दीचं आपण नंतर बघू, भांडू, आधी तुमच्यावरचा डाग टळू दे. वर्गांच्या ग्रुपवर मेसेज टाकते, पहिल्या दिवशी पुस्तकं आणा म्हणून.

"खबरदार," बाई म्हणाल्या. "आठवण करून दिली की लोक पुस्तक सांभाळतात. वाचत नाहीत. वाचू दे त्याईले."

"अन् आणलीच नाहीत तर?"

"तं नाही आणणार. त्याचं मी पाहीन."

मला बाईंचा राग आला. इतका अडाणीपणा शिकलेल्या माणसानं करावा? मी फोन ठेवला आणि माझ्या नववी ब च्या ग्रुपवर मेसेज टाकला. सर्वांनी पुस्तके पहिल्या दिवशी चांगल्या स्थितीत परत करावीत. चांगल्या स्थितीत, हे शब्द माझेच.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. ग्रंथालयाच्या दाराला काचा लागल्या होत्या आणि आत स्क्रीन. जुनी कपाटं वरच्या मजल्याच्या जिन्यात, वळणावर आणून टाकलेली. बाईंनी तिथंच एक खुर्ची ठेवली. दहा वाजल्यापासून पोट्टे यायला लागले. पुस्तकं आली ती कशी आली, काय सांगू. कुणावर रसाचा डाग, कुणावर हळदीची बोटं, एकात आंब्याच्या कोयीचा छाप. एका ऑटोवाल्याच्या घरी ज्ञानकोशाचे चार खंड पापड वाळत घातलेल्या साडीच्या चार कोपऱ्यांवर ठेवले होते, त्यांना मीठ लागलं होतं. तो ऑटोवाला तरीही पायरीवर बसून पोरांना सांगत होता, की साप बहिरा असतो, दुसऱ्या खंडात आहे. पोरं जिन्यात अडकून एकमेकांशी भांडत होती, तू ते दे, मी हे देतो. आणि माझ्या नववी ब ची पुस्तकं आली. एकूणएक. पेपरात गुंडाळलेली, कोरी, कडक. बाईंनी चार-पाच उघडून पाहिली. माझ्याकडं पाहिलं. "तुह्या वर्गाची लय स्वच्छ आहेत वं," त्या म्हणाल्या आणि बाजूला ठेवून दिली. कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

दुपारी हेडसरांच्या खोलीत बोलावणं आलं. बाईंबरोबर मीही गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. छोटे साहेबांनी नोंदवही मागवून घेतली होती. तीनशेच्या वर पुस्तकं परत यायची बाकी होती.

"शेंडे मॅडमच्या वर्गाची सगळी आली," हेडसर म्हणाले, "म्हणजे मनावर घेतलं तर होतं." ते माझं कौतुक होतं. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं वाटलं.

छोटे साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं केला. पुस्तकं आपल्या निष्काळजीपणामुळं हरवली, असं बाईंनी लिहून द्यायचं. "सही करा मॅडम. शांततेत रिटायर व्हा. नाहीतर चोरीचा ठपका घेऊन जाल. या वयात बरं दिसते का?"

बाईंनी कागद वाचला, नेहमीसारखा, बोट ठेवून. "हरवली नाहीत," त्या म्हणाल्या. "हरवली असं कसं लिहू? खोटं होईल ना ते."

तेवढ्यात दारात एक माणूस आला. चाळिशीतला, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, काखेत पुस्तक. सावनेरजवळ कोळशाच्या खाणीत कामाला होता. मुलगी इथं मामाकडं राहून आमच्या शाळेत शिकते. सकाळची बस चुकली म्हणून उशीर झाला, असं तो आधी सांगायला लागला.

"ठेवा तिथं," छोटे साहेब म्हणाले.

"नाही, ठेवाले नाही आलो साहेब," तो म्हणाला. "पोरीले भेटलं होतं. मी वाचाले घेतलं ड्यूटीवरून आल्यावर. विहिरी खोदणाऱ्या माणसाचं आहे. तो खाली उतरला अन् वरून दरड आली. अजून वर नाही आला तो." त्यानं पुस्तकात बोट घालून ठेवलं होतं, ते काढलं नव्हतं. "आठ दिवस अजून भेटतील का मॅडम? माणूस वर येऊ द्या फक्त."

छोटे साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "ग्रंथालय बंद झालं आहे हो. पुस्तक जमा करा अन् जा."

त्या माणसानं पुस्तक छातीशी धरलं. भांडायला नाही, घाबरून. "मग बाकीचं मी कुठं वाचू?"

बाई उठल्या. पर्समधून त्यांनी तारखेचा शिक्का काढला, शाईची डबी काढली. "कोण म्हणते बंद आहे?" त्या छोटे साहेबांकडं न बघता म्हणाल्या. "वाचणारा समोर उभा आहे. बंद कसं म्हणता?" पुढं ठेवलेल्या त्या टाइप केलेल्या कागदावर त्यांनी शिक्का आधी घासून पाहिला, शाई बरोबर उठते की नाही ते, आणि मग पुस्तकाच्या चिठ्ठीवर मारला. "आठ नाही, पंधरा दिवस घ्या भाऊ. घाई नका करू. खाली अडकलेल्या माणसाचं हळूच वाचा लागते."

तो गेला. बाईही त्याच्यामागून निघाल्या, जिन्यावर पोरं थांबली होती म्हणून. छोटे साहेबांनी तो शिक्का उमटलेला कागद उचलला, पाहिला, परत ठेवला. मी तिथं उभी होते. मी म्हणाले, "सर, नववी ब ची सगळी आली, पण वाचलेलं एकही नाही. ते माझ्यामुळं. तेवढं पण लिहून घ्या." हेडसरांनी लिहून घेतलं नाही. मी मात्र तोंडानं बोलले, हे मला बरं वाटतं.

सही बाईंनी केली नाही ती नाहीच. चौकशी सुरू राहिली, कागद येत राहिले. पुस्तकं दिवाळीपर्यंत येत होती, एकेक करून, कधी पोस्टानं, कधी ऑटोवाल्याच्या हाती. काही आली नाहीत. खोली परत मिळाली नाही, पण जिन्यातून कपाटं उचलायला कोणी आलं नाही, आणि हळूहळू सगळी शाळा त्याला ग्रंथालय म्हणायला लागली. नोव्हेंबरात शेवटच्या दिवशी खाली हॉलमध्ये शाल-श्रीफळ मांडलं होतं, छोटे साहेब येऊन बसले होते. बाई गेल्याच नाहीत. घंटा होईपर्यंत जिन्यावर पुस्तकं देत राहिल्या. मी विचारलं, "बाई, अन् चौकशीचं काय?"

"चालू दे," त्या म्हणाल्या. "त्यानिमित्तानं तेही थोडं वाचतात."

मग नोंदवही माझ्या हातात दिली. गणिताच्या बाईला ग्रंथपालाचं काम करता येतं का, असा नियम त्यांनी विचारला नाही आणि मीही नाही. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बाई गेल्या, हृदयविकारानं, दुपारच्या वेळी. मी फार रडले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत गेले, कारण पोट्टे जिन्यावर थांबले असते.

यंदाही एक मेला निकालाबरोबर सगळी पुस्तकं वाटली. संस्थेचं पत्र गेल्या आठवड्यात घरी आलं. चौकशी तीच, क्रमांक तोच, फक्त रामटेके या नावावर रेघ मारून वर हातानं शेंडे लिहिलं आहे. मी पोस्टमनकडून सही करून ते घेतलं, बोट ठेवून एकेक शब्द वाचलं. त्यांनी विचारलं आहे, की शालेय ग्रंथालय कोणाच्या परवानगीने चालू आहे. सोमवारी शाळा उघडते. तेव्हा लेखी देणार आहे: माझ्या.